वनस्पती उद्यानात रानभाज्या: एका जाहीर कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

बेळगाव शहराच्या कडेला एका महाविद्यालयाचं वनस्पती उद्यान आहे. पावसाळ्यातल्या एका रविवारी तिथे रानभाज्यांवर जाहीर कार्यक्रम घ्यावा की नाही, यावर आमच्या समितीत बरेच दिवस खल चालला होता. घ्यावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: लोकांना ज्यात गोडी आहे ते दाखवा, लोक येतील. नको म्हणणाऱ्यांची भीतीही खरी होती: आपण नाव सांगणार, ऐकणारा घरी जाऊन भाजी करणार, आणि पान चुकलं तर त्याचं काय? शेवटी कार्यक्रम झाला. तो कसा ठरला, त्यातून काय गाळलं, बोलायला कोणाला बोलावलं आणि त्या सकाळी एका तरुणाने आणलेल्या पिशवीमुळे आमच्या कामाची रीत कशी पक्की झाली, ते इथे लिहिते आहे. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवते आणि आखणीत पहिल्यापासून होते. तेव्हा हे कोणा तिऱ्हाइताने केलेलं मूल्यमापन नाही.

व्याख्यानं आणि बाग

उद्यान तसं लहान. बी.एस्सी.च्या मुलांना वर्गीकरण शिकवायला सोय व्हावी म्हणून आधीच्या शिक्षकांनी लावलेली झाडं आता चांगली वाढली आहेत: ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, कोकम, बकुळ, सीतेचा अशोक. शेडनेटखाली नेचे आणि थोडी ऑर्किडं, एक कमळाचं तळं, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत जून लागला की गुडघाभर रान माजतं. सकाळी फिरायला येणाऱ्यांना फाटक उघडं असतं.

बाग लोकांसाठी खुली करायची म्हणून आधी आम्ही व्याख्यानं ठेवली. विषय नेहमीचे: पश्चिम घाटाची जैवविविधता, औषधी वनस्पती, हवामानबदल. वक्ते जाणकार होते, तयारीने यायचे. तरी सभागृहातल्या निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहायच्या. भरलेल्या खुर्च्यांवर टिळकवाडीकडची काही निवृत्त मंडळी आणि हजेरीसाठी बसवलेली आमचीच मुलं. संख्या कमी याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते याचं, की व्याख्यान संपलं की माणसं चहा घेऊन तडक फाटकाकडे जायची, आणि वाटेत पांढऱ्या फुलांनी भरलेला नाणा उभा असला तरी मान वर करायची नाहीत. वनस्पती उद्यानातलं व्याख्यान होतं, पण त्याला उद्यानाची गरजच नव्हती. ते एखाद्या मंगल कार्यालयातही तसंच पार पडलं असतं.

मोठ्या बागांकडे पाहून आम्हीही काही करावं, असा एक सूर निघाला. बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरतं. तिथे लोटणारी गर्दी पाहून लहान बागांनाही कुंड्या मांडायचा मोह होतो. माझा त्याला विरोध होता आणि अजून आहे. विकत आणलेल्या शेवंतीच्या आणि झेंडूच्या कुंड्या मांडून लोक येतील, फोटो काढतील आणि जातील. ज्या मातीवर ते उभे असतील तिच्यात काय उगवतं, ते त्यांना कळणार नाही.

वाट सापडली ती व्याख्यानानंतरच्या चहात. वक्त्याने पडद्यावर काहीही दाखवलेलं असो, कपबशी हातात घेऊन लोक मोबाइल पुढे करायचे: "मॅडम, आमच्या परड्यात हे उगवलंय, काय असंल?" "बांधावर हे दरवर्षी येतं, आई याची भाजी करायची, नाव माहीत न्हाई." पावसाळ्यात तर दहातले आठ प्रश्न खाण्याच्या पानांचे. म्हणजे लोकांना ओळख हवी होती. आणि ओळख पटवणं हेच तर वनस्पती उद्यानाचं मूळ काम.

शहरातल्या बाजारात या ज्ञानाची माणसं रोज बसतात. पाऊस सुरू झाला की जांबोटी, कणकुंबीच्या बाजूच्या आणि थोड्या चंदगडकडच्या बायका पाट्या घेऊन येतात. गणपत गल्लीत, खडे बाजारात दुकानांच्या पायऱ्यांशी गोणपाट टाकून वाटे लावतात: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटुली. दुपारपर्यंत वाटे संपवून शेवटची बस गाठायची. पुस्तकात ज्या जातींचं वर्णन आम्ही शिकवतो, त्या या बायकांच्या बोटांना ठाऊक आहेत.

हरकती

आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी कार्यक्रमाला स्पष्ट विरोध केला. त्यांच्या हरकती इथे सविस्तर देते, कारण शेवटी कार्यक्रम चांगला झाला तो त्या हरकतींमुळेच.

पहिली हरकत सारखेपणाची. टाकळ्याच्या शेजारीच, त्याच पडीक जमिनीत, कासविंदा उगवतो. दोन्ही एकाच गणातले, दोघांना पिवळी फुलं, लांबून सारखेच. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. मेंदूज्वर समजल्या गेलेल्या त्या आजारामागे मुलांनी खेळता-खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया आहेत, असं तिथल्या डॉक्टरांनी तपास करून दाखवलं. सरांचा प्रश्न होता, की शंभर माणसांना घाईघाईत टाकळा दाखवला आणि त्यातल्या एकाने घरी कासविंदा नेला, तर आपण काय तोंड दाखवणार?

दुसरी हरकत ओरबाडण्याची. कार्यक्रम गाजला की लोक रानात घुसतात. पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं, पण कंद खणला तर झाडच गेलं. त्यांनी कंदीलपुष्पाचं, म्हणजे खरपुडीचं उदाहरण दिलं. तिच्या कित्येक जाती भारताबाहेर कुठेच नाहीत, काही तर सह्याद्रीच्या ठरावीक पठारांपुरत्याच उरल्या आहेत, आणि तिचे कंद चवीला बरे लागतात म्हणून गुराखी ते खणून खात आले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये या जाती जोपासल्या, वाढवल्या. शेजारच्या जिल्ह्यात ते काम चाललेलं असताना आपण इकडे कंद खायला शिकवायचे का? शिवाय खानापूर तालुक्यातलं बरंचसं रान राखीव आहे आणि २०११ पासून भीमगड हे अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय काहीही आणणं गुन्हा आहे.

तिसरी हरकत, बोलणार कोण? वनस्पतिशास्त्राचा माणूस खाण्याबद्दल बोलला तर ते त्याचं क्षेत्र नाही. भाजीवाली बोलली तर ओळखीची जबाबदारी उद्यान कशी घेणार?

सर जुन्या गोष्टी सांगण्यात रमतात. त्या बैठकीत त्यांनी पादुआची गोष्ट सांगितली. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाने १५४५ साली औषधी वनस्पतींची बाग केली, ती आजही त्याच जागेवर आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना खरी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी भलतीच वनस्पती यांतला फरक जिवंत झाडावर दाखवता यावा, म्हणून ती बाग काढली होती. आपल्याकडे दापोडीच्या बागेत अलेक्झांडर गिब्सनने एकोणिसाव्या शतकात औषधी झाडं लावून सरकारी औषधखात्याला पुरवली. सरांना म्हणायचं होतं, की बागेने खेळ मांडू नये. मला मात्र त्याच गोष्टीत कार्यक्रमाची बाजू दिसली. चुकीचं पान ओळखता यावं म्हणूनच जर बाग असते, तर लोक ज्या पानांत चुकू शकतात तीच पानं बागेने आधी दाखवायला हवीत. हे मी बोलून दाखवलं. सर लगेच मान्य झाले नाहीत. पण पुढच्या बैठकीला ते स्वतःच यादी घेऊन आले.

काय ठरलं

यादीत पाचच भाज्या: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटुली. सगळ्या शेतात, बांधावर, पडीक जागेत मुबलक येणाऱ्या. खायचा भाग पान किंवा फळ. कंद एकही नाही. अळंबी अजिबात नाही, कोणी विचारलं तरी नाही. बांबूच्या कोवळ्या कोंबांवरून थोडी वादावादी झाली, कारण ते इकडे आवडीने खातात. पण कच्च्या कोंबांतून सायनाइड तयार होतं, ते चिरून भिजवून आणि उकळून पाणी टाकून द्यावं लागतं. शिवाय कोंब तोडायला माणूस रानातच जाणार. म्हणून तेही गाळले.

प्रत्येक खाण्याच्या जातीशेजारी तिच्याशी गफलत होऊ शकेल अशी जात लावायची, असं सरांनी सुचवलं. टाकळ्याशेजारी कासविंदा, फोडशीशेजारी रानकांदा. ही सूचना सगळ्यांत मोलाची ठरली. यातलं बहुतेक सगळं बागेत आपोआप उगवत होतंच. आमचे माळीमामा वर्षानुवर्षं ते तण म्हणून उपटत आले होते. त्यांना सांगितलं, तळ्यापलीकडची पट्टी या वर्षी खुरपायची नाही. त्यांना ते पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर कुठे काय उगवतंय ते रोज येऊन सांगू लागले. फोडशीचा एक दाट पुंजका आमच्या कोणाच्या नजरेला आला नव्हता, तो त्यांनीच दाखवला.

पाट्यांवर शास्त्रीय नाव, खाली कन्नड आणि मराठी नाव, अक्षरं सारख्या आकाराची. आमच्या भागात पाटीवरून काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे काहीच झालं नाही, कारण येणाऱ्या प्रत्येकाला आपलं नाव सापडत होतं. कन्नड बोलणाऱ्या गटाला गोकाककडची आमची एक विद्यार्थिनी घेऊन फिरली.

बोलण्याची वाटणी अशी केली: झाड कोणतं हे शिक्षकाने सांगायचं. कोणता भाग खुडायचा, कधी, कसा निवडायचा, कसा शिजवायचा हे भाजी विकणाऱ्या मावशींनी. एकाने दुसऱ्याच्या भागात बोलायचं नाही. हे कागदावर सोपं दिसतं. शिक्षकांना ते पाळणं जड जातं, हे मी अनुभवाने सांगते. आम्हाला सगळंच सांगायची सवय असते.

मानधनाचं व्हाउचर

गणपत गल्लीत बसणाऱ्या दोन मावशींना विचारलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पैशाचा होता आणि तो अगदी योग्य होता. त्या दिवशी त्या बाजारात बसणार नाहीत, म्हणजे दिवसाची कमाई बुडणार. बसभाडं वेगळं. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांना आपण मानधन आणि प्रवासखर्च देतो. मावशींना साडी-चोळी, नारळ आणि प्रमाणपत्र देऊन भागवावं, असं कोणीतरी म्हणालं. मी त्याला सक्त विरोध केला. बाईचा सत्कार करायचा आणि तिची मजुरी बुडवायची, हा मान कसला?

वक्त्याला देतो तेवढंच मानधन त्यांनाही द्यायचं आणि त्या आणतील ती सगळी भाजी त्यांच्याच भावाने महाविद्यालयाने विकत घ्यायची, असं ठरलं. मग गाडी अडली लेखा विभागात. व्याख्यात्याच्या व्हाउचरवर शैक्षणिक पात्रतेचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर व्हाउचर परत येतं. 'मजुरी' या शीर्षाखाली दाखवा, असा सल्ला मिळाला. तसं दाखवलं असतं तर रक्कम निम्मीही झाली नसती, आणि ते खोटंही झालं असतं. प्राचार्यांना भेटून टिपण लिहिलं: या विषयाचं प्रत्यक्ष ज्ञान असलेली व्यक्ती, अनुभव अमुक वर्षं. त्यावर सही झाली. हे बारीकसारीक वाटेल, पण असा कार्यक्रम करू पाहणाऱ्या कोणत्याही बागेने हे काम आधी उरकून घ्यावं. एरवी कार्यक्रमाच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात आणि मावशींना पैशासाठी तीन हेलपाटे घालावे लागतात.

रविवार

वेळ सकाळची ठेवली, कारण टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात आणि मिटलेल्या पानांवर ओळख शिकवता येत नाही. पाऊस रिपरिपत होता. तरी व्याख्यानांना कधी दिसली नव्हती एवढी माणसं आली: उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारे तरुण, वडगाव-शहापूरकडच्या बायका, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा. मोठा घोळका केला तर मागच्याला झाड दिसत नाही, म्हणून लहान-लहान गट केले. थोडे लोक थांबून कंटाळले, पण त्याला इलाज नव्हता.

टाकळ्यापाशी आम्ही पानं मोजायला लावली. टाकळ्याच्या एका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकं गोलसर. खालच्या जोड्यांच्या मधे देठावर टाचणीच्या डोक्याएवढी उभी ग्रंथी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, आणि पान चुरगळलं तर उग्र वास. लोक वाकून, भिंगातून, एकमेकांना दाखवत मोजत होते. पडद्यावर हाच फरक मी पूर्वी दाखवला आहे. तेव्हा कोणी मोजलं नव्हतं.

मग मावशी बोलल्या. कुर्डू तुऱ्याआधी घ्यायचा, तुरा आला की पान चरबट होतं. भारंगीचा कोवळा पाला उकडून पिळायचा, ते पाणी टाकायचं, त्याशिवाय कडवटपणा जात नाही. फोडशीच्या बुडाशी माती अडकते, ती पान-पान सोडवून धुवायची, आतला पांढरा कडक दांडा काढून टाकायचा, आणि मूगडाळ घालून परतायची. बोलताना त्यांचे हात चालूच होते. एक मुलगी वहीत सगळं उतरवून घेत होती. मावशी तिला म्हणाल्या, "लिव्हत बसू नको, हातात घे की." मला ते फार पटलं.

पिशवी

तिसऱ्या गटात एक तरुण होता. त्याच्या हातातल्या पिशवीत लांबट हिरव्या पात्यांची जुडी होती. गावाकडच्या टेकडीच्या उतारावरून कापून आणली होती, रात्री भाजी करायची होती. आई करायची, आई आता नाही, म्हणून स्वतःच शोधून आणली. मोबाइलवरच्या झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपने फोडशीच्या गणाचं नाव दिलं होतं. "फोडशीच न्हवं ओ ही?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

मावशींनी जुडी हातात घेतली, एक पात मोडली, बोटं एकमेकांवर घासली. "न्हवं. चिकट लागूलालंय बघा. फोडशीला असा चिक नसतोय. ही आम्ही घेत न्हाई."

काय आहे मग, असं त्याने माझ्याकडे बघून विचारलं. मी सांगू शकत नव्हते. पानं जमिनीच्या वर कापलेली होती, बूड नव्हतं, फूल नव्हतं. अशा नुसत्या लांब पात्यांवरून खात्रीने जात सांगता येत नाही, आणि अ‍ॅपलाही ती सांगता येत नाही, कारण जमिनीखालचं त्याला दिसतच नाही. मला संशय रानकांद्याचा होता. पण संशय म्हणजे ओळख नव्हे, आणि तो बोलून दाखवला की लोक त्यालाच ओळख समजतात. मी म्हटलं, "नाव मला आत्ता सांगता येणार नाही. पण मावशी नाही म्हणताहेत, तेवढं ताटासाठी पुरे आहे. ही खायची नाही." मग त्याला शेजारच्या वाफ्यात नेलं. माळीमामांनी फोडशीचं एक रोप उपटलं: आखूड गड्डा, त्याला लोंबणारी जाडसर मुळं. शेजारचा रानकांदा उपटला: खाली पापुद्र्यांचा सरळसरळ कांदा.

तो मोटरसायकलवरून गेला आणि दुपारनंतर परत आला. त्याच जागेवरून एक रोप मुळासकट उपटून आणलं होतं. खाली कांदा होता. रानकांदाच, कोळकांदा असंही त्याला म्हणतात. याच्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधासारखं काम करणारी. जुन्या वैद्यकात तो अगदी थोड्या मात्रेत, जाणकाराच्या हातून वापरला जाई. भाजीसारखा वाटीभर खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. रानकांद्याची फुलं उन्हाळ्यात, पानं नसताना येऊन जातात, त्यामुळे पावसात नुसती पाती दिसतात आणि फुलावरून ओळखायची संधीच राहत नाही. गफलतीचं मूळ नेमकं इथे आहे.

या प्रसंगात सरांच्या तिसऱ्या हरकतीचं उत्तर मिळालं, असं मला वाटतं. मावशींनी स्पर्शावरून 'नव्हे' म्हटलं. जात कोणती ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना सांगायची गरजही नव्हती. मला जात सांगायची होती, पण पुरावा नव्हता, म्हणून मी थांबले. नकाराला एक खूण चुकलेली पुरते. होकाराला मात्र सगळ्या खुणा जुळाव्या लागतात, बुडापासून टोकापर्यंत. बाजारातल्या बाईला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शंका आली की ती पाटीतच घेत नाही. शहरातल्या माणसाच्या हातून हीच गोष्ट सुटली आहे. त्याला नाव मिळालं की तो निश्चिंत होतो, ते नाव कुठून आलं हे विचारत नाही.

सरांनी त्याच दिवशी दोन ओळी लिहून सभागृहाच्या दारावर लावल्या: पूर्ण रोपाशिवाय ओळख सांगितली जाणार नाही. फोटोवरून कोणतीही वनस्पती खाण्याजोगी आहे असं इथे सांगितलं जाणार नाही.

भाव करणारे

सगळं चांगलंच झालं असं नाही. फेरी संपल्यावर थोडी भाजी लोकांना घरी नेता यावी म्हणून फाटकाजवळ एक टेबल ठेवलं होतं. ज्यांनी तासभर मावशींचं बोलणं माना डोलावत ऐकलं, त्यांतल्याच काहींनी तिथे जुडीमागे पाच रुपये कमी करा म्हणून घासाघीस सुरू केली. मावशींना त्याची सवय आहे, त्यांनी हसून उत्तरं दिली. मला मात्र त्या क्षणी फार लागलं. टेबलामुळे आणखी एक झालं, मागच्या गटांचं लक्ष फेरीवरून उडून जुड्या संपतील की काय याकडे गेलं. पुढच्या कार्यक्रमांत विक्री बंद केली. आणलेली सगळी भाजी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशींच्या देखरेखीखाली शिजते आणि भाकरीबरोबर सगळ्यांना घासभर मिळते.

मुलांसाठी पानांचे ठसे उमटवायचा उपक्रम ठेवला होता, तो ठीक झाला. मुलं रमली, पण त्यांना झाडं कळली असं म्हणवत नाही.

करटुलीचा वेल

जेवणं झाल्यावर एका मावशींनी मला बाजूला बोलावलं. "मॅडम, आमच्या बांधावर करटुलीचा येल हाय. फुलं लई येत्यात, पन फळ एक धरंना. काय करावं?"

करटुलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. मादी फुलाच्या खाली पहिल्या दिवसापासून बारीक काटेरी फळासारखा फुगवटा दिसतो, नर फुलाखाली नुसता देठ. आम्ही दोघी तळ्यापलीकडच्या कुंपणाशी गेलो. तिथे दोन्ही वेल आहेत. फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून कळ्यांवरच फरक दाखवला. मावशींनी एकदा पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "म्हंजे आमचा समदा नरच हाय." तेच होतं. करटुली जमिनीतल्या कंदावर दरवर्षी फुटते, त्यामुळे एकदा बांधावर नर कंद जगला की वर्षानुवर्षं फक्त फुलंच येत राहतात. बागेतल्या मादी वेलाची छाटं त्यांना दिली आणि नर वेल काढू नका म्हणून सांगितलं. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर तरी लागतोच, त्याच्याशिवाय मादीलाही फळ धरत नाही.

त्या दिवसातलं सगळ्यांत समाधानाचं काम मला हेच वाटलं. तोवर आम्ही त्यांच्याकडून घेत होतो. इथे त्या प्रश्न घेऊन आल्या आणि त्याचं उत्तर वनस्पतिशास्त्राकडे होतं.

आता काय चालू आहे

व्याख्यानं बंद केली नाहीत, पण त्यांची जागा बदलली. आधी फेरी, मग सभागृहात अर्धा तास, तोही फेरीत निघालेल्या प्रश्नांवर. पावसाळाभर रविवारी ओळखीचं टेबल असतं. तिसऱ्या वर्षाची मुलं भिंग आणि नोंदवही घेऊन बसतात, लोक रोप आणतात. पूर्ण रोप आणा म्हटलं की लोक उपटणार, ही अडचण आहेच. म्हणून नियम केला: स्वतःच्या शेतातलं किंवा परड्यातलं, एकच, आणि जे दोन-चारच दिसतं त्याला हात लावायचा नाही, जागेवर फोटो घ्यायचा. कंदिलासारखं फूल दिसलं तर जागा कोणालाही सांगायची नाही, थेट आम्हाला कळवायचं. टेबलावर आलेलं प्रत्येक रोप दाबून, वाळवून नोंदीसह ठेवतो. थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जी सूची छापली, तिच्यात बेळगावचा उल्लेख ठिकठिकाणी येतो, कारण तेव्हाही कोणीतरी इथून रोपं गोळा करून, कागदावर चिकटवून पाठवली होती. आमच्या मुलांना मी ते मुद्दाम सांगते.

मावशींच्या गावीच जाऊन हा कार्यक्रम करावा का, यावर सध्या विचार चालू आहे. त्यांचं म्हणणं, गावातल्या सुनांना आता टाकळ्यापलीकडे फारसं ओळखता येत नाही. तिथे बाग नाही, पण बांध आहेत. वनखात्याशी आधी बोलून, राखीव हद्दीच्या बाहेर राहूनच ते करता येईल.

आणि पुढच्या पावसाआधी एक वाफा नव्याने बांधायचा आहे. फोडशी आणि रानकांदा शेजारी-शेजारी, वाफ्याची एक बाजू काचेची, म्हणजे उपटल्याशिवायच गड्डा आणि कांदा दिसतील. काचेला ऊन लागलं तर मुळं मागे हटतात आणि शेवाळ धरतं, म्हणून तिच्यावर सरकतं लाकडी झाकण लागेल. माळीमामांनी जागा आखून ठेवली आहे, उत्तरेकडे तोंड करून.